तिसऱ्या खेपेचं वायरिंग

“मिस्त्री, अजून दिसत न्हाई,” केबिनमधून खाली उडी मारत एकनाथ म्हणाला.

जनार्दनच्या हातातला पाना तसाच राहिला. पौडच्या एसटी स्टँडमागं त्याचं वायरिंगचं दुकान तीस वर्षं चालू होतं. एकाच गाडीचं एकच काम घेऊन तिसऱ्यांदा आलेला हा पहिलाच माणूस.

एकनाथचा ट्रक जुना. लवळ्याच्या बांधकामांवर खडी वाहायचा. पहिल्या खेपेला जनार्दननं मिणमिणते लाइट काढून नवे बसवले. दुसऱ्या खेपेला आतली कुजकी वायर उपसून काढली, बॅटरीवरून थेट जाड वायर ओढली, जुन्या स्विचवर भार नको म्हणून मधे रिले घातले. एवढं केल्यावर म्हातारा ट्रकही दिवाळीसारखा पेटायला हवा होता.

“दिसत न्हाई म्हंजे काय?”

“रस्ता दिसत न्हाई. काल लवळ्याच्या उताराला कॉलेजच्या दोन पोरी कडंनं चालल्या होत्या. पार अंगावर गेल्यावर कळलं. ब्रेक लागला म्हणून...”

“अन् समोरून येणारे काय म्हणत्यात?”

“ते शिव्या घालत्यात. डिपर मारत्यात. म्हणं, डोळ्यावर येतोय.”

जनार्दन हसला. “मंग? उजेड हाय म्हणूनच डोळ्यावर येतोय ना?”

एकनाथ हसला नाही. चाकापाशी उकिडवा बसून राहिला.

दिवसभर जनार्दननं दुसरं काम हातात घेतलं नाही. एक टेम्पोवाला ताटकळून निघून गेला, तरी त्यानं मान वर केली नाही. प्रत्येक जोड पुन्हा उकलला, होल्डर घासून घेतले, अर्थिंगची तार नव्या जागी आवळली. मधे एकदा वायरींवरून त्याची चिडचिड झाली. हल्ली कंपन्या रंगसुद्धा धड देत नाहीत, पिवळी अन् पांढरी सारखीच. शेवटी त्यानं डोळे मिटून वायर बोटांनीच माग काढत नेली. बोटं कधी चुकत नव्हती. टेस्ट लॅम्प लावला, तो भक्कन पेटला. दोष कुठंच नव्हता.

दिवेलागणीला त्यानं ट्रक समोरच्या गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून उभा केला आणि एकनाथला बटण दाबायला लावलं. भिंत दुधानं सारवल्यासारखी पांढरीफेक झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडच उजेड.

“आता बोल.”

एकनाथनं डोळे बारीक केले. “उजेड हाय ओ. पण जरा वर जातोय का?”

“दिव्यांचा नेम मी लावलाय, एकनाथ.”

वडीलधाऱ्या मिस्त्रीशी वाद कशाला म्हणून एकनाथ केबिनमधे चढला. ट्रक घेऊन गेला.

जनार्दनला मात्र जेवण गोड लागेना. लाइट नवे, वायर नवी, करंट पुरेपूर. समोरच्याचे डोळे दिपतात इतका उजेड. आणि याला दोन चालत्या पोरी दिसत नाहीत. मग बिघाड राहिला कुठं? एकनाथनं भिंतीकडं बघताना बारीक केलेले डोळे त्याला आठवले, आणि ताटातला हात थांबला.

चाळिशीचा गडी. घरात आई, शाळेत जाणारी दोन पोरं, सगळी त्या एका ट्रकवर. तुझी नजर गेली, हे ड्रायव्हरला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि न सांगावं, तर लवळ्याचा उतार रोज तिथंच होता. पोरी रोज तिथून चालत होत्या.

दोन दिवस तो असाच आतबाहेर करत राहिला. रस्त्यावर जरा कुठं जोरात हॉर्न वाजला, की तो हातातलं काम टाकून दारात यायचा. तिसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा दुकानावरून गेली: देवळाच्या सभामंडपात डोळ्यांचं शिबिर, तपासणी फुकट. जनार्दननं लगेच फोन लावला.

“एकनाथ, जरा ये. मला डोळे दाखवायचेत. एकटं जाववंना.”

एकनाथ बिचारा खडीची फेरी सोडून आला. मंडपात नंबर लागला, तसा जनार्दननं त्यालाच खांद्याला धरून पुढं केलं.

“आधी याचे बघा, बाई. ट्रक चालवतो. दिव्यात दोष न्हाई, मी स्वतः तीनदा बघितलंय.”

एकनाथचा चेहरा पडला. “म्हंजे तुमी मला घेऊन आलाय व्हय?”

“रागावू नको. एखाद्याची पोर गेली तर तुला झोप येईल का? मला तर आत्ताच येत न्हाई.”

एकनाथ खुर्चीत बसला. पुण्याहून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, मग एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बोट केलं.

“वरून वाचत या.”

एकनाथनं वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा पहिल्यापासून. बाई नुसतं हं, हं करत होत्या.

“छान. आता सगळ्यात खालची, सातवी.”

“न, प, ग, ठ, र,” एकनाथ कुठंही न अडखळता म्हणाला.

जनार्दनला त्याची कीव आली. पोटासाठी माणूस काय काय करतो. रांगेत उभ्या उभ्या कुणाकडून तरी ऐकून पाठ केलं असणार. तो बाकावरून उठला, खुर्चीमागं येऊन उभा राहिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“थापा मारू नको, एकनाथ,” तो होईल तितक्या हळू आवाजात म्हणाला. “तक्त्यावर चारच वळी हायेत.”