प्रस्तावापूर्वीचा फोन

वाचकहो, एका मनुष्याने केवळ आपल्या चातुर्याच्या बळावर बारा मिनिटांत काय साधले, त्याची हकिकत येथे नम्रपणे सादर होत आहे. हकिकत लहान आहे. तिच्यातील मनुष्य मात्र स्वतःस फार मोठा समजत असे.

"बाई, तुम्ही या धंद्यात नवीन, म्हणून सांगतो," असे म्हणून घरांच्या दलालाने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तो खुर्चीत मागे रेलला. धंद्यातील मंडळी त्याला 'मुत्सद्दी' म्हणत. ती असे का म्हणतात, याची चौकशी त्याने कधी केली नव्हती. फोनवर पलीकडे घर विकणाऱ्या मालकाची दलाल होती. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती एका दवाखान्यात रुग्णांना नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देत असे. मुत्सद्द्याने तिचे नाव मनातल्या मनात 'चिठ्ठीवाली' ठेवून टाकले होते.

लेखी प्रस्ताव देण्यापूर्वी समोरच्या दलालाला एक फोन करावा, असा त्या धंद्याचा प्रघात. इतर लोक दोन प्रश्न विचारून फोन ठेवीत. मुत्सद्दी मात्र या फोनला कला मानीत असे. पाखरू हाताशी यावयाचे, तर आधी आपल्या पदरचे चार दाणे टाकावे लागतात, असा त्याचा सिद्धांत होता.

त्याने दाणे टाकले.

"अगंबाई! हो का?" चिठ्ठीवाली म्हणाली.

त्याने आणखी टाकले.

"मग हो?" तिने विचारले.

काय हे अज्ञान, असे वाटून मुत्सद्द्याला तिची कीव आली.

घर घेऊ पाहणाऱ्या ज्या सुनेसाठी हा फोन चालला होता, तिचा नवरा लांबच्या मार्गावर मालमोटार चालवी. त्यामुळे घराचा सारा व्यवहार तिच्या एकटीच्या शिरावर होता. आठ महिन्यांपूर्वी सासऱ्यांचे पाय निकामी झाले. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, भाड्याचे, आणि इमारतीला लिफ्ट नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याने रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. विकाऊ घर तळमजल्यावर होते. त्याच्या मागील दाराशी मालकाने स्कूटर चढविण्यासाठी लोखंडी उतार बसविलेला होता. त्यावरून चाकांची खुर्चीही सुखाने वर गेली असती.

"दादा," सून त्याला म्हणाली होती, "तीन गोष्टी तुमच्यापाशीच ठेवा. आम्ही शेवटी कुठवर जाऊ शकतो तो आकडा, भाडेकरार संपतो ती तारीख, आणि बाबांचे पाय. आपली गरज त्यांना कळली, की आपण संपलोच."

"ताई, या कानाचं त्या कानाला कळणार नाही!"

फोन झाल्यावर मुत्सद्दी तडक सुनेच्या घरी गेला. त्याने वही उघडली आणि मिळालेली माहिती विजयी मुद्रेने वाचून दाखविली. मालकाचा गुडघा दुखतो. स्वयंपाकघरातील नळ गळतो. चिठ्ठीवालीचा नवरा रात्रभर घोरतो.

"नवऱ्याचं काय करायचं आपल्याला?" सुनेने विचारले.

"अहो, जी बाई नवऱ्याचं घोरणं सांगते, तिच्या पोटात काय राहणार? सगळं ओकली बिचारी! आपण बराच खालचा आकडा टाकू. बघाच तुम्ही."

तदनुसार प्रस्ताव गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. तीन जिने चढून मुत्सद्दी धापा टाकीत दारात उभा राहिला आणि पाकीट त्याने न फोडताच सुनेच्या हाती दिले. शुभवार्ता गिऱ्हाईकाने स्वतः वाचावी, असाही त्याचा एक सिद्धांत होता.

सुनेने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. किंमत तिच्या शेवटच्या आकड्याएवढी होती; त्याहून ना कमी, ना अधिक. घराचा ताबा भाडेकरार संपण्याच्या बरोबर आदल्या दिवशी मिळणार होता. अखेरचे कलम तिने मोठ्याने वाचले, "मागील दाराचा लोखंडी उतार घराच्या किमतीत धरलेला नाही. चाकांच्या खुर्चीकरिता हवा असल्यास त्याचे वेगळे पैसे पडतील."

सुनेने कागद मांडीवर ठेवला.

"दादा, खुर्चीचं त्यांना कुणी सांगितलं?"

मुत्सद्द्याने रुमालाने मान पुसली. "ताई, समोरच्याचा विश्वास संपादन करायचा, तर थोडंफार आपलंही..."

"तिन्ही?"

"त्या बाईंनी काही विचारलंच नाही हो! नुसतं 'हो का, मग हो' करत होत्या. मला वाटलं, अगदीच भोळ्या आहेत." एवढे बोलून त्याने लगबगीने खिशातून फोन काढला. "काळजी करू नका. आत्ता लावतो फोन, सगळं सरळ करून टाकतो."

"थांबा!" खिडकीपाशी बसलेले सासरे प्रथमच बोलले. "सूनबाई, पेन आण आणि सही करून टाक. उतार त्यांनाच राहू दे, आपण दोन फळ्या टाकू. पण यांचा दुसरा फोन व्हायच्या आत सही कर. नाहीतर घर एका किमतीला आणि उंबरा दुसऱ्या किमतीला येईल."

सुनेने सही केली. कागद हाती घेऊन मुत्सद्दी दाराकडे वळला. फोन अजून त्याच्या मुठीतच होता.

"आणि साहेब," म्हातारा मागून म्हणाला, "जिना निवांत उतरा. तो फुकट आहे, हे अजून कुणाला सांगू नका."

ही हकिकत अखेरपर्यंत वाचण्याचे कष्ट ज्यांनी घेतले, त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

— दत्ताराम भिकाजी खळे