इग्नोर म्हणजे

भिंतीवर काहीतरी जोरात आदळलं. पलीकडे एक बाई किंचाळली आणि तोंड दाबल्यासारखी मध्येच गप्प झाली.

पार्लरवाली बोलता बोलता थांबली. मोठ्या पार्लरात नोकरी मिळावी म्हणून ती दुपारची मॅडमच्या घरी इंग्रजी शिकायला यायची.

"शेजारचे आहेत, रोजचंच," मॅडम म्हणाल्या. "इग्नोर करा."

"म्हणजे?"

"बरं झालं विचारलंत. क्रियापद आहे. इग्नोर म्हणजे कानाडोळा करणं."

"म्हणजे ऐकूच आलं नाही, तर?"

"छे! ऐकू आलंच नाही तर इग्नोर कसं करणार? ऐकू यायला हवं, कळायला हवं, आणि मग मुद्दाम लक्ष द्यायचं नाही. करा बघू एक वाक्य."

पलीकडे पुन्हा धप्प झालं. मॅडमनी उठून पंखा मोठा केला.

पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किती बायकांच्या माना तिच्या हाताखालून गेल्या होत्या! पावडरीखालचे वळ तिला नवे नव्हते. "दाराला आपटले गं" हे ऐकून तीही मुकाट केस कापत आली होती.

"वाक्य नाही सुचत," म्हणून ती तडक बाहेर पडली. शेजारच्या बेलवर तिने बोट ठेवलं ते उचललंच नाही.

त्या बाईच्या घामाघूम नवऱ्याने दार उघडलं. "काय कटकट आहे?"

"वहिनींना पाठवा. केस कापायचेत त्यांचे."

"ती कुठेही जाणार नाही."

"मग मीच येते आत." तिने उंबऱ्यावर पाय रोवला.

"ओ बाई, घरचा मामला आहे आमचा! मॅडम, समजवा हिला काहीतरी."

मॅडम आपल्या दारात येऊन उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"मला रोज ऐकू येतं," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला. "शब्दन् शब्द. पोलिसांनाही तेच सांगेन."

तो गडबडला, जरासा मागे सरला. तेवढ्या फटीतून त्याची बायको बाहेर आली. ओठ फुटलेला. पार्लरवालीने तिचा हात घट्ट धरला आणि दोघी जिना उतरू लागल्या.

त्या बायकोने पायात सापडल्या त्या चपला सरकवल्या होत्या. दोन्ही नवऱ्याच्या. पायरीपायरीवर त्या फटाक् फटाक् वाजत होत्या, आणि खालच्या मजल्यांवर एकेक दार उघडत होतं.