विनायकरावांचं कॉकटेल

"वा! आज तर कमालच केलीत," उज्ज्वलाताई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक घोट घेतला. जिभेला काही म्हणता काही कळलं नव्हतं. गार लागलं, ओलं लागलं, बस.

समोर विनायकराव उभे. कमरेला बायकोचा एप्रन, हातात स्टीलचा शेकर. कौतुक ऐकून गडी असा खुलला की विचारता सोय नाही. त्याच शेकरमधून आपला पेला भरला, बायकोच्या पेल्याला टेकवला आणि मिटक्या मारत तळापर्यंत संपवला. डोळ्यांत पाणी आलं तर म्हणाले, "लिंबू जरा जास्तच झालंय!"

मोठ्या तापानंतर उज्ज्वलाताईंच्या तोंडाची चव गेली होती. ही बाई कोण, तर पंगतीत एक घास घेऊन आचाऱ्याला सुनावणारी, "बाबा रे, हिंग उशिरा पडला." गुजरातेतल्या पर्वत पाटिया भागातल्या मराठी मंडळींत लग्न निघालं की आमटीची पहिली वाटी हिच्यापुढे यायची. ही मान डोलावेपर्यंत कढई उतरायची नाही. आणि आता? मीठ काय, गूळ काय, सारखंच. डॉक्टर म्हणाले, "चव परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. वेगवेगळ्या चवी देत राहा."

विनायकरावांनी ते असं मनावर घेतलं म्हणता! जन्म बँकेत गेला, पण घरात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं या माणसानं. फोनवर शोधता शोधता त्यांना साक्षात्कार झाला, की आंबट, गोड, खारट, कडू सगळं एका पेल्यात नांदवणारी विद्या म्हणजे कॉकटेल. आता गुजरातेत दारूबंदी, आणि असती नसती तरी या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही. मग रमच्या जागी बारडोलीच्या गुळाचं पाणी आलं, व्हिस्कीच्या जागी कोरा चहा. कृतीत कुठं 'कडू अर्काचे चार थेंब' दिसले, तर साहेबांनी काडेचिराईत भिजत घातलं.

सुरुवातीला शेकरचं झाकण उडून पंख्यापर्यंत गूळ पोचला. बर्फ फोडताना अंगठा ठेचला. पण शिकले हो! पेल्याच्या काठावर लिंबू फिरवून मिठाची नाजूक किनार काढायला शिकले, शेकरला घाम फुटला की थांबायचं हे शिकले. साठी उलटलेला माणूस पोराच्या उत्साहानं रोज संध्याकाळी नवा पेला घेऊन पुढ्यात यायचा आणि डोळे मोठे करून बघत राहायचा. उज्ज्वलाताईंना त्यांचं इतकं कौतुक वाटायचं, इतकं वाटायचं, की 'काही कळलं नाही' हे कुठल्या तोंडानं सांगणार? एकदा बोलून गेल्या, "थोडं थोडं कळतंय हो." झालं! त्या रात्री विनायकराव कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. तेव्हापासून रोज पेला आणि रोज 'छान'. एकच धास्ती होती. आपलं खोटं उघडं पडलं तर हा माणूस मोडून जाईल.

आणि नेमकी आज समोरच्या फ्लॅटमधली शोभा आली.

"उज्ज्वलाताई, रोज संध्याकाळी ही खळखळ कसली हो? बिल्डिंगमध्ये लोक नाही नाही ते बोलायला लागलेत. म्हणतात, विनायकभाई रिटायर झाले आणि लागले पार्टी करायला!"

"बोलू देत! तू बस. यांचा हात काय बसलाय ते चाखून बघ आधी." उज्ज्वलाताईंनी शेकरमध्ये उरलेलं मोठ्या तोऱ्यात शोभाच्या पेल्यात ओतलं.

"अगं, थांब, तिला नको..." विनायकराव पुढे झाले, पण तोवर शोभानं मोठा घोट घेतला होता. दुसऱ्या क्षणी ती बेसिनवर वाकली.

"अगं आई गं! बाप रे! अगदी कडवं जहर! हे कॉकटेल आहे? हा तर नुसता काडेचिराईताचा काढा आहे!" पदरानं जीभ पुसत, पाणी मागत, ती आल्या पावली पळाली.

उज्ज्वलाताईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पकडल्या गेल्या. वर मान करायची हिंमत होईना. नजर टेबलावरच राहिली आणि तिथं विनायकरावांचा पेला दिसला. त्याच शेकरमधून भरलेला. मिटक्या मारत रिकामा केलेला.

"अहो..." त्यांनी तो पेला हातात घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

विनायकराव एप्रनला हात पुसत राहिले. "एकदा चुकून चार थेंबांऐवजी वाटीभर पडलं. मी बोलणार, तेवढ्यात तू म्हणालीस, छान झालंय. तेव्हाच कळलं. माझं मन राखायला खोटं बोलत होतीस, ते मोडायचं जिवावर आलं. म्हटलं, आता रोज वाटीभरच घालू. ज्या दिवशी चव येईल, त्या दिवशी ही पेला भिरकावून मला शिव्या घालेल. मला लगेच कळेल."

उज्ज्वलाताईंच्या डोळ्यांना धार लागली. "अहो, मला मेलीला काही कळत नव्हतं, मी पीत होते. पण तुम्ही कशाला रोज ते सगळं पीत होतात?"

"तू एवढं कडू पितेस," विनायकराव म्हणाले, "ते दोघांतल्या एकाला तरी कडू लागायला नको?"