उष्टी हळद

मिरजेहून नवऱ्या मुलाची उष्टी हळद आली आणि नवरी केतकीच्या आत्यांनी, शांताक्कांनी, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे त्यातली चिमूटभर आधी यंत्रात घातली. हळदीला मुलाच्या कातडीच्या पेशी लागून येतात. ज्यांच्या घराण्यात गाठींचा आजार चालत येतो त्यांच्या पेशींमधले बारीक धागे विसकटलेले दिसतात, हे आता मांडववाल्यालाही ठाऊक असतं.

पडद्यावर धागे उमटले. विंचरून बसवल्यासारखे सरळ!

“झालं समाधान?” वाटी घेऊन आलेली करवली म्हणाली.

“फारच सरळ आहेत गं,” म्हणत आत्यांनी आणखी एक बटण दाबलं.

“स्त्री. वय एकसष्ट,” यंत्र म्हणालं.

“अगंबाई! नवरदेव माझ्याच वयाचे निघाले की!”

करवलीला रडू फुटलं. “दादाचे धागे बाबांसारखेच आहेत. लग्न मोडेल म्हणून आईने स्वतःच्या अंगाची हळद पाठवली.”

“मोडलंच समज!” आत्या कडाडल्या.

केतकीने वाटी उचलून करवलीच्या हातात परत दिली.

“त्याने मला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. वन्सं, त्याची हळद घेऊन या. ही लावली तर माझं लग्न सासूबाईंशी लागायचं.”