प्रत्येक घराचं एक घमेलं

अभ्यासिकेच्या गच्चीवर पाय ठेवल्या ठेवल्या कौशल्याबाईंनी सगळं हिंगणघाट दाखवायला घेतलं. खरं तर काम त्यांच्या मुलीचं होतं. सुरभी नगरपालिकेत इंजिनिअर. काल खाली अभ्यास करणाऱ्या पोरांच्या टेबलावर छताचा पोपडा पडला, म्हणून ती हातोडी घेऊन तपासायला आली होती. आईला कुणी बोलावलं नव्हतं.

“थे पिवळी टाकी दिसते? लॉजवरची? आमीच बांधली. अन् थ्या शाळेचा वरचा मजला. थो दवाखानाही.”

“सारं गाव तूच बांधलं, माय.”

“डोक्शावर घमेलं असलं की मान वर होत नाई, पोरी. म्होरल्या बाईच्या टाचा तेवढ्या दिसतेत. आज पाहून राह्यली, कसं दिसते गाव.”

जन्मभर त्यांनी लोकांच्या इमारतींवर घमेली वाहिली. स्लॅब पडला की त्या गच्चीशी संबंध संपला. ही एकच गच्ची आपली. अभ्यासिका वस्तीनं श्रमदानानं उभी केलेली, ना ठेकेदार ना मजुरी. हिच्यात बसून सुरभी इंजिनिअर झाली, हे कौशल्याबाई एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगत.

सुरभी ठोकत ठोकत सरकत होती. एका जागी आवाज पोकळ आला. ती उकिडवी बसली. गच्चीच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सूत धरून मारल्यासारखी सरळ भेग होती. डांबर भरलेली आणि पुन्हा उकललेली.

“माय, स्लॅब एका दिवसात टाकला ना तुमी?”

“एकाच दिवसात!” कौशल्याबाईंचा चेहरा खुलला. “पण प्रत्येक घराचं एक घमेलं पडलं पाह्यजे, असं ठरलं होतं. मिलची सुट्टी एका वारी, जिनिंगची दुसऱ्या. सारे एका टायमाले कसे जमतीन? मंग अर्धा स्लॅब सकाळी टाकला अन् अर्धा दिवसपाळीवाल्यायसाठी ठेवला. संध्याकाळी भोंगा झाला अन् घरी न जाता सारे इथंच आले. तुह्या बापानं तुले कडेवर घेऊन तुह्या हातानं वाटीभर माल टाकला.”

सुरभीला हसू आलं, पण भेगेचं कारणही कळलं. सकाळचा माल दिवसभर उन्हात कडक झाला होता. संध्याकाळचा ओला माल त्याला लागून बसला, पण धरला नाही. दर पावसाळ्यात पाणी त्या सांध्यातून आत शिरलं आणि लोखंड खात गेलं. राग तरी कुणाचा करायचा? दिवसपाळीवाल्यांसाठी तीही थांबलीच असती.

“माय, दोन्ही माल जुळलेच नाई. सळई सडली. पाडा लागते.”

“डांबर मारून भागत नाई?”

“लोखंडच गेलं ना.”

“लोकायचे एवढे स्लॅब टाकले, एकाची तक्रार नाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “अन् आपलाच असा निंघावा?” त्यांचे डोळे भरले. पदरानं पुसून त्यांनी विचारलं, “खाली पोरं बसून हायेत काय आता?”

“हो.”

कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकत भरभर जिना उतरल्या. सुरभी पोचेपर्यंत त्या दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

“उठा रे! पुस्तकं घ्या अन् विहारात जाऊन बसा. हे छत भरवशाचं नाई.”

खिडकीजवळचा निकेश मान वर न करता म्हणाला, “मावशी, परवा पेपर हाये माहा.”

“म्हणूनच उठ म्हणतो ना तुले.”

हॉल रिकामा झाला. कौशल्याबाईंनी स्वतः पंखे बंद केले, कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं. किल्ली काही त्यांनी लगेच दिली नाही.

“नवा बांधू, माय,” सुरभी म्हणाली. “पण मंदात, अर्धा टाकून, थांबता येत नाई. स्लॅब एका दमात पडला पाह्यजे.”

“तं सगळ्यायले आधीच सांगजो, त्या दिवशी सुट्टी घ्या म्हणून.” कौशल्याबाईंनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. “तवा एक खाडा परवडत नव्हता कोणाले. आता परवडते.”