अश्दोदचा खडा

"ज्यूंच्या कबरस्तानात तीन चकरा मारल्या, पण आत्याची कबर काही सापडली नाही," होमस्टेच्या ओटीवर बसत अवीवा म्हणाली. त्या कबरीवर ठेवायला थेट इस्रायलमधल्या अश्दोदहून आणलेला गुळगुळीत खडा तिनं चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"नाव काय तिचं?" नारळ खवणाऱ्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी विचारलं.

"मिल्का. विसाव्या वर्षी वारली. घरची माणसं सात दिवस जमिनीवर बसून होती म्हणे. मग सगळे इस्रायलला निघून गेले."

खवणीवरचा हात थांबला. "कशानं वारली?"

"बाबांनी तो विषय कधी काढूच दिला नाही."

"कसा देईल? ह्याच वाडीतल्या पोराशी लग्न केलं, म्हणून जिवंतपणीच सुतक धरलं तिचं. सातही दिवस ती दारात जाऊन उभी राहायची. तुझा बाप तेवढा हळूच वर बघायचा, नि पुन्हा मान खाली घालायचा."

अवीवानं चमकून वर पाहिलं. समोर ठसठशीत कुंकवाखालून बाबांचेच घारे डोळे तिच्याकडे बघत होते.

म्हातारीनं खोबऱ्यानं माखलेला हात पदराला पुसला आणि पुढे केला.

"दे, पोरी. माझाच आहे तो खडा."