सतरावा अनारसा

"निनादराव, अजून एक घ्याच," म्हणत सासूबाईंनी धोंड्यावर तुपाची धार धरली. रांगोळीतल्या पाटावर बसलेल्या निनादने तोंडभर हसून तो संपवला. अधिक महिन्यातला लाडका जावई! बायको केतकी पदर सावरून वाढत होती. वर्ष झालं, दोघं वेगळी राहत होती. आज मात्र एकाच रिक्षातून उतरली होती. सासऱ्यांच्या बायपासनंतर त्यांना धक्का नको, एवढ्यावरच दोघांचं एकमत उरलं होतं.

निनाद नट मात्र पक्का. "हिच्या हातची आमटीही अश्शीच होते," त्याने ठोकून दिलं. केतकीला ठसका लागला. वर्षभर तो स्वतःच आमटी करपवत होता. जोडीने नमस्कार करताना तर त्याने असा काही प्रेमळ चेहरा केला, की त्याची त्यालाच लाज वाटली.

निघताना सासूबाईंनी वाणाचे तेहतीस अनारसे आणले. दरवेळी एक डबा असायचा, आज दोन होते.

"सोळा केतकीच्या घरी, सतरा तुमच्या. जावयाचा मान म्हणून एक जास्त."

निनादने घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं.

"वाटणी मीच केली," ते म्हणाले. "तुम्हा दोघांना धक्का नको, म्हणून जेवण होईस्तोवर गप्प बसलो."